दवा फाटते तेव्हा : बडोद्याच्या एका फॉर्म्युलेशनवाल्याच्या आठवणी

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांच्या आठवणी निघाल्या की राजवाडा येतो, सूरसागर येतो, दांडिया बाजारातले वाडे येतात, गाणं-बजावणं येतं, शेव-उसळ तर येतेच. यायलाच हवी. पण आपल्यातल्या निदान दोन पिढ्यांचं पोट ज्यावर भरलं त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. कारण त्याला वास येतो. नंदेसरी, रानोली, पुढे अंकलेश्वर, वापी इथल्या केमिकल कारखान्यांत आपले किती काका, मामा, मेहुणे राबले ते आठवून बघा. पहाटेची गाडी धरायची, डब्यात पत्ते खेळत भरूचचा पूल ओलांडायचा, रात्री घरी यायचं, आणि आईनं दारातच सांगायचं, "आधी आंघोळ, मग आत ये." माझे कपडे आमच्याकडे पस्तीस वर्षं वेगळ्या बादलीत भिजले.

मी शेतीच्या औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये होतो. १९७९ साली विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन लागलो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?" तेव्हा मी हिंगाचं उदाहरण दिलं होतं, तेच इथे देतो. अस्सल हिंग कुणी आमटीत टाकत नाही. तो इतका उग्र असतो की चिमटीचा अंदाज चुकला तर आमटी गेली. म्हणून त्यात पीठ आणि डिंक घालून बांधणी हिंग करतात. ती भेसळ नसते, ती सोय असते. कीटकनाशकाचंही तसंच. रिॲक्टरमधून निघतो तो शुद्ध माल, त्याला आम्ही 'टेक्निकल' म्हणायचो. कधी मेणासारखे गठ्ठे, कधी काकवीसारखं दाट तेल. एकरभर पिकाला त्यातला पाव किलोसुद्धा लागत नाही. आता पाव किलो मेण एकरभरातल्या प्रत्येक पानावर सारखं कसं पसरायचं? शेतकऱ्याकडे आहे काय, तर पाठीवरचा पंप, बादली आणि विहिरीचं पाणी. त्या तिघांशी जुळवून घेईल असं रूप औषधाला द्यायचं, हे आमचं काम. सासरेबुवांना पटलं असावं.

ही विद्या बडोद्यात आभाळातून पडली नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य, रंगांच्या रसायनशास्त्रातले जाणकार. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले हे आपण अभिमानानं सांगतो, पण त्याच संस्थेतून रंगाऱ्यांची आणि केमिस्टांची एक फळी निघाली ते विसरतो. १९०७ साली अलेम्बिक उभी राहिली ती गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या हातून. पुढे साठच्या दशकात कोयलीला रिफायनरी आली, खताचा कारखाना आला, मग पेट्रोकेमिकल्स, मग क्लोरीन करणारा अल्कलीजचा कारखाना. बेन्झीन, टोल्युइन, झायलीन, क्लोरीन सगळं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत. कीटकनाशकाला दुसरं काय लागतं?

आमचे हेड कलाभवनाच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एकातले, रंगाई शिकलेले. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत, गुजराती कामगारसुद्धा. रंग कापडावर सारखा चढला पाहिजे, डाग पडता कामा नये, धुतल्यावर उतरता कामा नये, हे ज्यानं तरुणपणी हातानं केलंय त्याला औषध पानावर कसं चढवायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. पानाला मेणाचा थर असतो, कापडाला खळ असते, एवढाच फरक, असं ते म्हणत. त्यांची ट्रायलची वही मराठीत. 'हलवल्यावर एकजीव. दोन तासांनी साका. साका हलतो. उद्या पुन्हा पाहणे.' साका हलतो की घट्ट बसतो याला आमच्या धंद्यात फार किंमत आहे, त्याकडे येतोच.

मास्तर नव्या पोरांना पहिला धडा बोर्डो मिश्रणाचा द्यायचे. १८८२ साली फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेली हिरव्या आहेत आणि आतल्या केवड्यानं गळून गेल्यात. रस्त्याकडेच्या वेलींवर बागवाल्यांनी मोरचूद आणि चुना फासलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. १८८५ मध्ये त्यानं कृती छापली. आज नाशिक-सांगलीचा बागायतदार तेच करतो : एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. नुसतं मोरचूद मारलं तर पान भाजतं. चुन्यानं ते शांतही होतं आणि पानाला धरूनही राहतं. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. मिश्रण ताजंच वापरायचं, शिळं झालं की कण मोठे होतात. मास्तर म्हणत, "बघा, मोरचूद त्या वेळीही दुकानात मिळत होतं. शोध लागला तो चुन्याचा."

यानंतरची पन्नास-साठ वर्षं मी झपाट्यानं ओलांडतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलरनं १९३९ मध्ये ओळखला, १९४८ ला त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे बीएचसी बनू लागलं आणि १९५४ ला दिल्लीत डीडीटी. आपल्या घरांत ढेकणांसाठी जी 'ग्यामक्सीन पावडर' असायची ती या बीएचसीचीच भावंडं. शेतात जायची ती दहा टक्क्यांची भुकटी, बाकीचं संगजिरं किंवा चिनी माती. पातळ फडक्यात बांधून माणसं ती पिकावर आपटत चालायची. निम्मी वाऱ्यावर, थोडी पिकावर, बरीचशी नाकात. फॉर्म्युलेशनच्या नावाखाली मातीत कालवणं एवढंच तेव्हा होतं.

पण मातीत कालवणंही साधं नसतं, हे नंतर कळलं. माती निमूट वाटते, तशी नसते. चिकणमातीच्या कणावर आम्ल जागा असतात, त्यांच्यावर ऑर्गनोफॉस्फेट जातीची औषधं हळूहळू मोडतात. पोत्यावर पन्नास टक्के लिहिलेलं, उन्हाळाभर गोदामात पडलेलं, जूनमध्ये उघडाल तेव्हा त्यात काय उरलंय ते देवाला माहीत. नुसतं कमी झालं तर पीक बुडतं. कधी कधी त्याहून वाईट होतं. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियासाठी घराघरांत मॅलॅथिऑन फवारलं. मॅलॅथिऑन तसं माणसाला सौम्य म्हणून ओळखलं जातं. पण साडेसात हजार कामगारांपैकी सुमारे अठ्ठावीसशे जणांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. शोध घेतला तेव्हा आढळलं की पाण्यात मिसळायच्या त्या पावडरीत साठवणीच्या काळात मॅलॅथिऑनचा काही भाग आयसोमॅलॅथिऑनमध्ये बदलला होता. शरीर मॅलॅथिऑन ज्या एन्झाइमनं मोडून निकामी करतं, त्याच एन्झाइमला हा आयसो अडवतो. म्हणजे औषध तेच, नाव तेच, पण कशात कालवलं आणि किती उन्हात ठेवलं यानं माणसं गेली. आमच्या लॅबमध्ये हा किस्सा दर नव्या माणसाला सांगितला जाई. मीही पुढे सांगत राहिलो.

आपल्या देशात कायदा आला त्यामागेही असंच एक प्रकरण होतं. १९५८ साली केरळात, जहाजातून अन्नधान्यासोबत आलेलं पॅरॅथिऑन गळून पिठात उतरलं आणि शंभरहून अधिक माणसं मेली. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला, १९७१ ला नियम. बाटलीवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण त्यातले. त्याच सुमारास भारतीय मानकं आली आणि आमच्या लॅबला परीक्षेचा पेपर मिळाला. चौपन्न अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चौदा दिवस : टिकलं तर गोदामात दोन उन्हाळे टिकेल असं धरायचं. आणि ठरलेल्या कठीणपणाच्या पाण्यात औषध टाकून बघायचं. ते पाणी आम्ही स्वतः बनवायचो. लिटरमागे ०.३०४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, ०.१३९ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, की झालं ३४२ पीपीएम. हे आकडे मला माझ्या जन्मतारखेइतके पाठ आहेत.

आता मुख्य गोष्ट. ऐंशीच्या दशकात आमचं एक ईसी चांगलं चाललं होतं. ईसी म्हणजे औषध झायलीनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून त्यात इमल्सीफायर घातलेलं द्रावण. पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. शेतकऱ्याची पारख त्या दुधावरच. एका हिवाळ्यात मेहसाणा-बनासकांठ्याकडून तक्रारी सुरू झाल्या. मोहरीवर मावा पडलेला, फवारणी करूनही जात नाही, आणि काही वाफ्यांत पानं करपली. एकाच शेतात दोन्ही! विक्रीवाल्यांचं ठरलेलं उत्तर, शेतकऱ्यानं मात्रा चुकवली. माल तपासला, मानकाच्या प्रत्येक कसोटीला पास. कागदावर विषय संपला होता.

मास्तरांनी मला पाठवलं. विसनगरच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बादलीत पाणी घेतलं, झाकणानं मोजून औषध घातलं, काठीनं ढवळलं. दूध झालं. मग त्यानं मला चहा पाजला. चहा होईस्तोवर बादलीत वर पिवळसर साय धरली होती आणि खाली निवळ पाणी. "साहेब, दवा फाटी जाय छे," तो म्हणाला. दूध फाटतं तशी दवा फाटते. कोड्याचं उत्तर त्या चार शब्दांत होतं. पाठीवरचा पंप तळातून ओढतो. म्हणजे पहिल्या ओळींना नुसतं पाणी, मावा मजेत. आणि टाकी संपता संपता शेवटच्या ओळींवर जवळपास निखळ औषध, पानं करपलेली. शेवटचं ते पाणी मारणाऱ्या माणसाच्या पाठीवरून ओघळत असणार, हेही मी तिथेच पाहिलं. पंपाचं झाकण गळत होतं, अंगात बनियन होतं.

मी पाण्यात हात घातला तर ते कोमट. जानेवारीतली सकाळ आणि पाणी कोमट! उत्तर गुजरातचे बोअर इतके खोल गेलेले की पाणी जमिनीतली ऊब घेऊनच वर येतं. चाखलं तर खारट. मग पाटण, सिद्धपूर, डीसा असं फिरत मी पाण्याचे कॅन भरले आणि टेम्पोनं अंकलेश्वरला आणले. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, "काय साहेब, गंगाजल?"

तपासल्यावर कळलं ते असं. काही पाणी ३४२ पेक्षा पुष्कळ कठीण होतं, ते अपेक्षितच. पण काही नमुन्यांत कठीणपणा बेताचा आणि साधं मीठ भरमसाट. आमचं मानकाचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजतं, मीठ त्यात नाहीच. इमल्सीफायर दोन जातींचे जोडीनं घालतात. एक विद्युतभार असलेला, त्याला क्षार सोसत नाहीत. दुसरा भार नसलेला, तो क्षारांना दाद देत नाही, पण पाणी तापलं की त्याची पाण्याशी असलेली मैत्री पातळ होते. इथे पाणी खारटही आणि कोमटही. दोघंही एकदम लंगडे. लॅबमध्ये आम्ही गार, बिनमिठाच्या पाण्यात परीक्षा घेत होतो आणि पास होत होतो.

बैठकीत विक्रीचे साहेब म्हणाले, मानक पाळलंय, एका जिल्ह्याच्या पाण्यासाठी अख्ख्या मालाचा खर्च कशाला वाढवायचा? इमल्सीफायर हा ईसीतला महागडा भाग, दीड-दोन टक्के वाढवणं म्हणजे लिटरमागे किंमत वर. मास्तर शांतपणे म्हणाले, "शेतकरी फवारायला अंकलेश्वरला येणार आहे का?" प्रश्न कुणाला खोडता आला नाही, पण पैसेही लगेच मंजूर झाले नाहीत. एक हंगाम गेला. त्या हंगामात ज्यांनी उधारीवर औषध घेतलं त्यांचं काय झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि मला वाटतं कंपनीला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

मंजुरी आल्यावर आम्ही भार नसलेल्या जातीचा वाटा वाढवला आणि त्यात एरंडेलापासून केलेला इमल्सीफायर आणला. गंमत बघा, देशातला एरंड मुख्यतः गुजरातचा, आणि गुजरातमधला बराचसा याच मेहसाणा-बनासकांठ्याच्या वाळूतला. त्यांच्याच शेतातलं तेल त्यांच्याच पाण्याशी जुळलं. खारट कोमट पाण्यात दूध दोन तास टिकलं. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते, तोच ओव्हनमधला नमुना बाहेर आला. चौदा दिवसांत औषधच घसरलेलं! एरंडेलाला इथिलीन ऑक्साइड जोडताना कॉस्टिक पोटॅश वापरतात, त्याचा अंश इमल्सीफायरमध्ये राहिला होता. ऑर्गनोफॉस्फेटला अल्कली म्हणजे सुरी. शिवाय थोडा पाण्याचा अंश, तोही मदतीला. मग पुरवठादाराला बसवून सांगितलं : आम्लानं शमवून द्या, पाणी काढून द्या, प्रत्येक ड्रमचा पीएच आणि ओलावा लिहून द्या. तो वैतागला. दोन महिने ड्रम परत पाठवले तेव्हा सुधारला. मग शून्य अंशाला नमुना ठेवला तर तळाला स्फटिक धरले; सॉल्व्हंट थोडा जड घेतला. एक गाठ सोडवावी तर दुसरी घट्ट व्हावी, असं ते काम. दोन हिवाळे लागले. नवा माल गेला त्या वर्षी तिकडून एकही बाटली परत आली नाही. पत्रही आलं नाही, पण आमच्या धंद्यात तेच प्रशस्तिपत्र.

बाटलीचंही एक लफडं सांगितलं पाहिजे. टिनाचे डबे गंजायचे, ॲल्युमिनियम महाग, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. काही महिन्यांत दुकानदारांच्या फळीवर बाटल्या पोटात लाथ बसल्यासारख्या चेपलेल्या दिसू लागल्या. झायलीन साध्या एचडीपीईच्या भिंतीतून हळूहळू बाहेर झिरपतं. दुकानभर वास, आणि आतलं औषध मात्र दाट होत जाणारं. शेवटी आतून वेगळा थर दिलेल्या बाटल्या घ्याव्या लागल्या.

नव्वदीनंतर हवा बदलली. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. सॉल्व्हंटबद्दलही प्रश्न सुरू झाले, आणि ते रास्त होते : झायलीन आग धरतं, आणि औषधाला कातडीतून आत न्यायला मदत करतं. म्हणून एससी आलं, म्हणजे औषधाचे दोन-तीन मायक्रॉनचे कण पाण्यातच तरंगत ठेवलेलं दाट ताकासारखं द्रव. इथे मास्तरांचा साका परत आला. कण दहापट मोठा झाला की शंभरपट वेगानं खाली बसतो, हा स्टोक्सचा नियम. म्हणून मण्यांच्या मिलमध्ये बारीक दळायचं. पण फार बारीक कण दिवसा गोदामाच्या उन्हात किंचित विरघळतात आणि रात्रीच्या गारव्यात मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान मरतात, मोठे माजतात. सहा महिन्यांनी बाटलीच्या तळाला सिमेंट. शेतकरी हलवून हलवून वरचं पाणी मारतो आणि तळातलं फेकतो. उपाय म्हणून कणांभोवती चिकटून बसणारे पॉलिमर घालतो, आणि झँथन गमनं द्रवाला अशी हलकी पकड देतो की बाटली उभी असताना ते थिजल्यासारखं राहावं आणि हलवताच सैल व्हावं. साका बसला तरी चालेल, पण तो हलला पाहिजे. मास्तर तोवर निवृत्त झाले होते; मी पहिला जमलेला एससी बाटलीत घालून त्यांच्या वाड्यावर नेला. त्यांनी बाटली उलटी केली, तळ उजेडात धरला, आणि म्हणाले, "मे महिना काढू दे त्याला."

२०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेत शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. तेव्हा नातेवाइकांतून मला फोन येऊ लागले, की दादा, औषधच खराब होतं का? कारणं पुष्कळ होती. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, संरक्षणाशिवाय दिवसदिवसभर फवारणी, आणि एका टाकीत तीन-तीन, चार-चार औषधं. त्यातल्या या शेवटच्या कारणाबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. आम्ही एकेक औषध पाण्याशी जुळवण्यात वर्षं घालवतो. चार औषधं एकत्र जुळतील का, हे कुठल्याही लॅबनं त्या टाकीसाठी तपासलेलं नसतं.

तेव्हा ज्यांची गावी अजून शेती आहे त्यांना एक गोष्ट सांगतो, कुणी पत्रकात छापत नाही म्हणून. फवारणीआधी आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं पाणी काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या. हातमोजे घालून, लेबलावर दिलेल्या प्रमाणात औषध टाका, झाकण लावून चार-पाच वेळा उलटी करा आणि अर्धा तास ठेवा. वर साय, तळाला साका, मध्ये गुठळ्या किंवा बाटली गरम, यातलं काही दिसलं तर ते मिश्रण पंपात घालू नका. दोन औषधं एकत्र मारायची असली तर आधी लेबलावर किंवा कृषी अधिकाऱ्याकडे त्याला परवानगी आहे का बघा, मग तीच परीक्षा त्या दोघांची घ्या. पाणी दुसऱ्या बोअरचं असेल तर पुन्हा घ्या. आणि ती बाटली तिथेच फोडून पुरा, परत स्वयंपाकघरात आणू नका.